पीझोइलेक्ट्रिक सिरॅमिकमधला तडा : मॉडेल आणि प्रयोग जुळत का नाहीत?

तुमचा प्रश्न असा : पीझेडटीच्या (दाबलं की वीज निर्माण करणारं, म्हणजे पीझोइलेक्ट्रिक, सिरॅमिक) नमुन्यावर जोरदार विद्युतक्षेत्र पोलिंगच्या (बनवताना पदार्थाला दिलेल्या कायमच्या विद्युत ध्रुवणाच्या) दिशेनं लावा की उलट, मॉडेलमध्ये तडा अडतोच, प्रयोगात तसं दिसत नाही. मग कोड चुकलाय का?

बहुधा नाही. पीएचडी करताना मी याच जागी कित्येक महिने अडकलो होतो. मेश (नमुन्याचे छोटे तुकडे पाडणारी जाळी) बारीक केला, एलिमेंट म्हणजे त्या तुकड्यांचे प्रकार बदलले, उत्तर जागचं हललं नाही. चूक होती ती तड्याच्या आत काय आहे हे गृहीत धरण्यात.

तुम्ही तड्याच्या दोन्ही पृष्ठांवर विद्युतभार शून्य धरला असणार, म्हणजे तडा पूर्ण रोधक, विद्युतक्षेत्र आत शिरूच न देणारा. तसं धरलं की एकूण एनर्जी रिलीज रेटमध्ये (तडा वाढताना मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेत) क्षेत्राचा वर्ग उणे चिन्हानं येतो. क्षेत्र मोठं झालं की हाच वर्ग बाकी सगळ्यावर मात करतो, आणि वर्गाला दिशा नसते, म्हणून दोन्हीकडे तडा अडतो. पार्क आणि सन या संशोधकांनी १९९५ साली पीझेडटी-४ च्या नमुन्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पोलिंगच्या दिशेनं क्षेत्र लावलं तर नमुना कमी भारात तुटला, उलट लावलं तर जास्त भार लागला. म्हणून त्यांनी ऊर्जेचा फक्त यांत्रिक भाग निकष म्हणून घेतला. तो क्षेत्राच्या पहिल्या घातात बदलतो, त्यामुळे क्षेत्राचं चिन्ह, म्हणजे दिशेचा फरक, टिकतो. दुसऱ्या टोकाला जाऊन तडा विद्युतदृष्ट्या नाहीच, क्षेत्र त्यातून आरपार जातं असं धरलं, तर क्षेत्राचा परिणामच नाहीसा होतो. तेही प्रयोगाशी जुळत नाही.

कागदावर एक हिशेब करून बघा. १० मिमी लांबीचा तडा, १० मेगापास्कल ताण, ताठपणा ६० गिगापास्कल धरला, तर तड्याचं तोंड मध्यभागी साधारण ३ मायक्रॉन उघडतं. म्हणजे उघडीप भागिले लांबी दहा हजारात तीन. हवेची परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद मिळतो त्याचं माप) पीझेडटीच्या साधारण हजारावा भाग. दोन्ही आकडे जवळपास एकाच पातळीचे, म्हणून दोन्हींपैकी कुठलंही टोक निर्धास्तपणे धरता येत नाही. हाओ आणि शेन यांनी १९९४ मध्ये तड्याकडे छोटा कपॅसिटर म्हणून पाहिलं : आतलं विद्युत विस्थापन (इलेक्ट्रिक डिस्प्लेसमेंट) उघडिपीवर अवलंबून. मला हे फार पटतं, कारण उघडीप आणि क्षेत्र एकमेकांना बदलत राहतात. लँडिस यांनी २००४ मध्ये त्यात पृष्ठांना एकमेकांकडे ओढणारा विद्युत ताणही धरला. तो विसरला तर ऊर्जेचा हिशेब जुळत नाही.

फेज-फील्ड (तडा धारदार रेषेऐवजी ० ते १ अशा d या नुकसान-आकड्यानं दाखवणारी पद्धत) वापरत असाल तर हाच प्रश्न लपून बसतो. परमिटिव्हिटीलाही (१−d)² नं गुणलं की नकळत रोधक तडा झाला. नाही गुणलं तर क्षेत्र तड्यातून आरपार. शिवाय तड्याला ढकलणाऱ्या संज्ञेत पूर्ण विद्युत एन्थॅल्पी (यांत्रिक ऊर्जेतून विद्युत भाग वजा केलेली ऊर्जा) घातली तर तीच उणे संज्ञा परत येते. तिथं यांत्रिक भागच ठेवून एक रन करा.

एक वेगळी गोष्ट, पण महत्त्वाची. एसआय एककांत ताठपणा १०¹¹, परमिटिव्हिटी १०⁻⁸, त्यामुळे सोडवायच्या समीकरणांची मॅट्रिक्स फार बिघडते. विभव (व्होल्टेज) गिगाव्होल्टमध्ये घ्या, सगळे ब्लॉक १०¹⁰ ते १०¹¹ वर येतात. तरी मॅट्रिक्स धन-निश्चित (सगळ्या आयगेनव्हॅल्यू धन) होत नाही, तेव्हा तशीच मॅट्रिक्स लागणारी कॉन्जुगेट ग्रेडियंट पद्धत सोडून डायरेक्ट सॉल्व्हर लावा.