शेतजमिनीवर सोलर प्रकल्प की घरावर पॅनल, काय बरं?

घर स्वतःचं असेल आणि गच्चीवर ऊन भरपूर, तर आधी गच्ची. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, तिथली दाटी पाहून सांगते: सावलीचा अंदाज आधी घ्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी स्वतः वर जाऊन उभं राहा. शेजारची इमारतच काय, पाण्याच्या टाकीची सावलीही उत्पादन खाली आणते. ३ किलोवॉटला साधारण ३०० चौरस फूट मोकळी जागा लागते, दिवसाला सरासरी १२ युनिटच्या आसपास वीज मिळते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८,००० रुपये अनुदान ठरलंय. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर) असला की दुपारची उरलेली वीज बिलात वळती होते.

कारखाने मात्र गच्च्यांवरच्या विजेवर चालणार नाहीत, मोठे प्रकल्प लागतीलच. पण १ मेगावॉटला चार-पाच एकर जमीन जाते, म्हणून पिकाऊ रान त्यात घालवणं मला अजिबात पटत नाही. पडीक जमीन घ्या, नाहीतर कालव्यांवर सांगाडा उभारून पॅनल बसवा. बडोद्याजवळ नर्मदेच्या शाखा कालव्यावर २०१५ मध्ये १० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. सांगाड्याचा खर्च जास्त येतो, पण शेत वाचतं आणि पाण्याची वाफही कमी होते.