संगणक शंका-समाधान : लिनक्सवर खेळ का उघडत नाहीत?

प्रश्न : विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, म्हणून जुन्या लॅपटॉपवर (चौथ्या पिढीचा आय फाइव्ह, 8 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही) लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकलं. खेळ आधीच्या डी ड्राइव्हवरच आहेत. स्टीममध्ये (खेळ विकत घेण्याचं आणि चालवण्याचं अ‍ॅप) 'प्ले' दाबलं की घटकाभर 'स्टॉप' दिसतं आणि पुन्हा 'प्ले'. एररसुद्धा येत नाही.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : तुमच्याकडे दोन अडचणी आहेत आणि दोन्हींचं लक्षण हेच, म्हणून एक सोडवून भागणार नाही.

पहिली डी ड्राइव्हची. ती एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीनं फाइली ठेवणारी आहे. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी 'कॉम्पॅटडेटा' फोल्डरात एक नकली सी ड्राइव्ह उभी करतो. तिथल्या एका लिंकचं नाव 'सी' आणि त्यापुढं एकावर एक दोन टिंबं (:) असं असतं. विंडोजच्या नियमात फाइलच्या नावात ही टिंबं चालत नाहीत, आणि गाडी तिथंच अडते. डेटाचा बॅकअप घ्या, जीपार्टेड या डिस्कचे भाग पाडणाऱ्या प्रोग्रॅमनं डी लहान करून 60 जीबीचं एक्स्ट 4 (लिनक्सची फाइल ठेवण्याची पद्धत) पार्टिशन करा. बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला हवा. पावसात लाईट गेली आणि काम अर्ध्यात थांबलं तर डेटा हातचा जाईल. नव्या पार्टिशनवर लिहिण्याची परवानगी तुमच्या युजरला द्या, मग स्टीमच्या सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मध्ये ते जोडा. खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'इन्स्टॉल्ड फाइल्स'खाली 'मूव्ह' आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पुन्हा चाळीस-पन्नास जीबी उतरवत बसायची गरज नाही.

दुसरी अडचण व्हल्कनची, म्हणजे खेळ आणि ग्राफिक्स यांना जोडणाऱ्या दुव्याची. प्रोटॉन 8 पासून पुढं ग्राफिक्सला व्हल्कन 1.3 लागतं. चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला 1.3 नाही, जे जुनं व्हल्कन आहे तेही अर्धवट. व्हल्कन-टूल्स हे पॅकेज घालून टर्मिनलमध्ये 'व्हल्कनइन्फो' चालवा. यादीत 'एलएलव्हीएमपाइप' दिसेल, त्याच्यापुढचा व्हल्कनच्या आवृत्तीचा आकडा बघून फसू नका : तिथं चित्र काढण्याचं काम प्रोसेसर करतो, ग्राफिक्स नव्हे. इंटेलच्या नावापुढचा आकडाच खरा. खेळाच्या प्रॉपर्टीजमधल्या 'कम्पॅटिबिलिटी'त प्रोटॉन 7.0 सक्तीनं निवडा. डायरेक्टएक्स (विंडोजची खेळांसाठीची ग्राफिक्स व्यवस्था) 9 चे जुने खेळ चालण्याची आशा आहे. डायरेक्टएक्स 12 वाले या लॅपटॉपवर चालणार नाहीत, त्यांच्यामागं वेळ घालवू नका. सेकंडहँड लॅपटॉप घेणार असाल तर सहाव्या पिढीच्या खाली उतरू नका.

प्रश्न : व्हॅलोरंट हा ऑनलाइन खेळ लिनक्सवर चालवायचा उपाय सांगा.
– एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : उपाय नाही. त्याचा व्हॅनगार्ड हा खेळातली फसवणूक रोखणारा पहारेकरी थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात बसतो, आणि तो गाभा प्रोटॉनकडे नसतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालवलेलं विंडोज) खेळायला गेलात तरी व्हॅनगार्ड खेळ चालू देत नाही. बॅटलआय आणि ईझी अँटीचीट हे दुसरे पहारेकरी 2021 पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण खेळाच्या कंपनीनं ते सुरू करायला हवं. एपेक्स लेजंड्स या खेळानं 2024 मध्ये लिनक्सचा दरवाजा बंद केला. म्हणून ऑनलाइन खेळ विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या खेळाडूंचे अनुभव नोंदवणाऱ्या साइटवर गेल्या दोन-तीन महिन्यांतले शेरे वाचा, तिथला जुना 'गोल्ड' (चांगला चालतो) शिक्का पुरेसा नाही. डोटा 2 आणि काउंटर-स्ट्राइक 2 मात्र लिनक्ससाठीच बनवलेले मिळतात, तेही फुकट.