थोडेसे चालून आल्याने नवीन कल्पना सुचतात, यात कितपत तथ्य आहे?

लेखनाचे काम करताना तासन्‌तास टेबलापाशी बसूनही काही सुचत नाही, अशा वेळी दहा-पंधरा मिनिटे चालून आल्याने खरोखर फरक पडतो का, की ते काम टाळण्याचे निमित्त ठरते, असे आपण विचारले आहे. मी स्वतः लेखन आणि संपादन करते व हा उपाय नेहमी वापरते. माझ्या मते फरक निश्चित पडतो, मात्र तो कामाच्या एका विशिष्ट टप्प्यावर पडतो. तो टप्पा ओळखता आला नाही, तर आपली शंका खरी ठरण्याचा संभव आहे.

या विषयावरील सर्वांत परिचित अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातील मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांचा असून तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी बसून आणि नंतर ट्रेडमिलवर चालत, बटणासारख्या एखाद्या साध्या वस्तूचे नेहमीपेक्षा वेगळे उपयोग सुचवण्यास सांगितले होते. चालताना ८१ टक्के विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. ट्रेडमिलसमोर कोरी भिंत होती, त्यामुळे हा परिणाम झाडे, आकाश किंवा मोकळी हवा यांचा होता असे म्हणता येत नाही. चालण्याच्या क्रियेतच काहीतरी आहे. चालून आल्यानंतर पुन्हा खुर्चीत बसलेल्यांमध्येही हा परिणाम काही काळ टिकून राहिला, आणि आपल्यासारख्या टेबलापाशी बसून काम करणाऱ्यांना तोच भाग सर्वाधिक उपयोगी आहे.

परंतु त्याच प्रयोगातील दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. त्याच विद्यार्थ्यांना तीन शब्द देऊन त्या तिन्हींना जोडणारा एकच शब्द शोधण्यास सांगितले गेले. मराठीत उदाहरण द्यायचे तर ‘देव’, ‘माहेर’ आणि ‘पाळणा’ हे शब्द दिले, तर ‘घर’ हे उत्तर येते. या प्रकारच्या कोड्यांत चालताना केवळ २३ टक्के विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली आणि एकूण निकाल बसून सोडवण्यापेक्षा किंचित खालावला. अनेक शक्यता मोकळेपणाने पुढे याव्यात असे जेथे काम असते तेथे चालणे मदत करते. अनेकांतून एकच अचूक उत्तर निवडायचे असते तेथे ते मदत करत नाही. लेखाचा विषय कोणत्या अंगाने मांडावा, सुरुवात कोठून करावी, दृष्टान्त कोणता घ्यावा, हे पहिल्या प्रकारचे प्रश्न आहेत. वाक्याची घडी बसवणे, संदर्भ तपासणे, सहाशे शब्दांचे चारशे करणे ही दुसऱ्या प्रकारची कामे असून ती बसूनच करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेगाचाही येथे मोठा संबंध आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी असे निरीक्षण नोंदवले आहे की, रमतगमत चालताना विचार करता येतो, पण पावले झपाझप पडू लागली की विचारांची साखळी तुटते. तसेच सोबत चालणाऱ्याला २३ गुणिले ७८ किती, हे तोंडी सांगण्यास सांगितले, तर तो बहुतेक वेळा जागीच थांबतो. यावरून मी असा अर्थ घेते की, पायांना सवयीचा वेग मिळाला की चालण्याकडे फारसे लक्ष द्यावे लागत नाही आणि मन थोडे सैल सुटते. हे सैलपण नव्या जुळण्यांना पोषक असते, पण ज्या कामात मनाची घट्ट पकड लागते तेथे तेच आड येते. व्यायाम म्हणून वेगाने चालणे आरोग्यासाठी उत्तमच आहे, पण त्या फेरीकडून कल्पनांची अपेक्षा ठेवू नये. फोनवर बोलत किंवा कानांत काही ऐकत चालण्याविषयीही मी हेच म्हणेन, कारण मोकळी झालेली जागा लगेच भरून जाते.

निघण्यापूर्वी मनात प्रश्न तयार असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. विल्यम रोवन हॅमिल्टन या गणितज्ञाला १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये पत्नीसह रॉयल कालव्याच्या काठाने चालत असताना क्वाटर्नियनचे, म्हणजे चार घटकांनी बनलेल्या एका प्रकारच्या संख्यांचे, सूत्र सुचले. ही गोष्ट चालण्याचा चमत्कार म्हणून सांगितली जाते, परंतु तीन संख्यांच्या गटांचा गुणाकार कसा करावा, या प्रश्नाशी ते त्यापूर्वी कितीतरी काळ झगडत होते, हे त्यात वगळले जाते. सूत्र सुचताच त्यांनी खिशातील वहीत ते तेथल्या तेथे टिपले आणि जवळच्या पुलाच्या दगडावर चाकूने कोरलेही. टिपून ठेवण्याची ही तत्परता आपण अवश्य उचलावी.

माझी पद्धत साधी आहे. अडलेला प्रश्न मी कागदावर एका वाक्यात लिहिते, उदाहरणार्थ ‘या लेखाच्या वाचकाला सर्वांत आधी काय कळले पाहिजे?’, आणि नेहमीच्या वाटेने निघते, म्हणजे वाट शोधण्यात लक्ष जात नाही. अशाच एका फेरीत, एका तांत्रिक लेखाच्या शेवटी ठेवलेला परिच्छेद प्रत्यक्षात पहिला असायला हवा, हे माझ्या ध्यानात आले. बसल्या जागी मी पहिलेच वाक्य पुन्हापुन्हा घासत राहिले होते आणि क्रम बदलण्याचा विचार मनाला शिवलाही नव्हता. परतल्यावर मी ईमेल उघडत नाही, थेट कागद पुढे ओढून सुचलेले सर्व, बरेवाईट न ठरवता, उतरवते. त्यातील बरेचसे टाकाऊ निघते आणि ते तसेच अपेक्षित आहे. निवड नंतर बसून करायची असते. प्रश्न एका वाक्यात लिहिताच येत नसेल, तर अडचण कल्पनेची नसून माहितीची असते. अशा वेळी चालायला न जाता आणखी वाचन करावे. काम टाळणे आणि कामासाठी चालणे यांतील फरक मी याच कसोटीवर ठरवते.

वेळेविषयी सांगायचे तर दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. स्टॅनफर्डच्या प्रयोगांतील चालणेही साधारण तेवढ्याच अवधीचे होते. चालणे शक्य नसल्यास काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण काही वाचकांना तो पडेल. त्याच अभ्यासातील शेवटच्या प्रयोगात काही जणांना चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर फिरवून आणले होते आणि ‘लुटलेली तिजोरी’ यासारख्या कल्पनेला समांतर उपमा सुचवण्यास सांगितले होते. सर्वाधिक चांगल्या उपमा बाहेर चालणाऱ्यांना सुचल्या, तरी नुसते बाहेर पडण्यानेही उपमांमधील नावीन्य वाढल्याचे आढळले, आणि हा परिणाम चालण्याच्या परिणामाहून स्वतंत्र होता.