समोरून विटांचं, आतून मध्ययुगीन: अशा घराचं वय कसं ठरतं?

तुम्ही इंग्लंडमधल्या एका जुन्या गावात विटांचं, सरळ रांगेत खिडक्या असलेलं घर पाहिलंत. बाहेर फलक होता, ‘दर्शनी भाग अठराव्या शतकातला, मूळ घर मध्ययुगीन’. यात मध्ययुगीन नक्की काय आणि ते कशावरून ठरवलं, असं तुम्ही विचारलंय.

थोडक्यात सांगायचं तर मध्ययुगीन बहुधा तीन गोष्टी असतात: छप्पर, तळघर आणि मधली लाकडी चौकट. समोरची विटांची भिंत नंतर पुढे उभी केलेली. मी जुन्या इमारतींच्या पाहणीचं काम करते. अशा घरात गेल्यावर मी दिवाणखान्यात रेंगाळत नाही, आधी पोटमाळ्यावर चढते. माणसं वावरतात त्या खोल्या दर दोन-तीन पिढ्यांनी बदलत जातात. छपराला मात्र गळती लागल्याशिवाय सहसा कुणी हात लावत नाही.

पोटमाळ्यात पहिल्यांदा शोधायची ती काजळी. मध्ययुगीन घराची मुख्य खोली, म्हणजे ‘हॉल’, जमिनीपासून थेट छपरापर्यंत उघडी असे. मधोमध जमिनीवरच आगटी पेटलेली, धुराडं नाही. धूर वर चढून छपरातल्या झरोक्यातून आणि फटींतून बाहेर जायचा. शंभर-दोनशे वर्षं असा धूर खाल्लेले ओकचे वासे आजही काळेकुट्ट असतात. पण नुसतं काळं लाकूड पाहून भागत नाही, काळेपणा कुठे थांबतो ते बघावं लागतं. एखाद्या आडव्या चौकटीची एक बाजू काळी आणि दुसरी स्वच्छ असेल, तर हॉलची हद्द तिथे संपत होती आणि पलीकडे बंद खोली होती. काळ्या वाशांच्या रांगेत एखादाच स्वच्छ वासा असेल, तर तो मागाहून बदललेला. आणि दुसरं लाकूड बसवण्यासाठी कोरलेल्या, पण आता रिकाम्या खाचेच्या आतसुद्धा काजळी असेल, तर धूर येत होता तेव्हाच ती खाच मोकळी होती. म्हणजे ते लाकूड त्याहून जुन्या बांधकामातून आणलेलं असू शकतं. बॅटरीच्या उजेडात अशा एका खाचेत बोट फिरवून पाहणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकात विटांची धुराडी आली आणि या उंच हॉलच्या मधोमध लाकडी तक्तपोशी टाकून दोन मजले केले गेले. त्यामुळे आज पहिल्या मजल्यावरच्या साध्या झोपायच्या खोलीत गुडघ्याएवढ्या किंवा कंबरेएवढ्या उंचीवर अचानक एक भरदार कोरीव तुळई दिसते. ती खालून मान वर करून बघण्यासाठी घडवलेली होती.

नेमकं साल हवं असेल तर वाढीची वलयं मोजतात. तुळईतून पेन्सिलीएवढा बारीक गाभा काढतात आणि त्यातल्या रुंद-अरुंद वलयांचा क्रम त्या प्रदेशातल्या ओकच्या माहीत असलेल्या क्रमाशी जुळवतात. सालीची कड शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं हे कळतं. ओक वाळला की फार कठीण होतो, म्हणून सुतार तो ओलाच वापरत. त्यामुळे तोडणीचं साल आणि बांधकामाचं साल यांत फारसं अंतर नसतं. कड तासून गेली असेल तर मात्र एका सालाऐवजी काही वर्षांचा पट्टाच हाती लागतो.

एक गोष्ट तिथे तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल: ‘ही लाकडं जुन्या जहाजांची आहेत.’ पुरावा म्हणून रिकाम्या खाचा दाखवतात. बहुतेक वेळा त्या खाचा काढून टाकलेल्या भिंतीच्या किंवा खिडकीच्या असतात, नाहीतर लाकूड दुसऱ्या घरातून आलेलं असतं. तुळईच्या खालच्या अंगाला ओळीने चौकोनी भोकं तिरपी बसवलेली दिसली, तर तिथे काच नसलेली, उभ्या लाकडी गजांची खिडकी होती.

आता दर्शनी भाग. मध्ययुगीन लाकडी घराचा वरचा मजला बऱ्याचदा खालच्यापेक्षा रस्त्याकडे पुढे आलेला असे. अठराव्या शतकात ते गावंढळ वाटू लागलं. मग कुणी पुढे आलेला भाग कापला, कुणी त्याच्या खाली विटांची भिंत बांधून समोरचं सगळं एका रेषेत आणलं. आग्नेय इंग्लंडमधल्या लुइस आणि कँटरबरी या गावांत तर विटांसारख्या दिसणाऱ्या खास कौलांचा थर लाकडी चौकटीवर ठोकलेला आढळतो. विटांवरचा कर चुकवायला ही युक्ती केली असं सांगतात, पण ते मला पटत नाही: तो कर १७८४ मध्ये आला, तो कौलांवरही होता आणि अशी कौलं त्याआधीपासून वापरात होती. खरं कारण हौस आणि काटकसर.

तळघराबद्दल एक उदाहरण पुरे. साउदॅम्प्टनच्या फ्रेंच स्ट्रीटवर जॉन फोर्टिन नावाच्या व्यापाऱ्याने सुमारे १२९० मध्ये बांधलेलं घर आहे. खाली वाइनच्या पिंपांसाठी दगडी कमानींचं तळघर, रस्त्याच्या बाजूला दुकान, मध्ये उंच हॉल, वर पुढे आलेली झोपायची खोली. पुढे ते घर वेगवेगळ्या भागांत विभागलं गेलं, त्यात पबही चालला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात पडझड झाली तेव्हा आतलं मध्ययुगीन बांधकाम लोकांच्या नजरेत आलं. १९८० च्या दशकात ते पुन्हा मध्ययुगीन रूपात उभं केलं गेलं आणि आज आत जाऊन बघता येतं.

नवख्या माणसाला घराचा आराखडा कळण्यासाठी ते फार उपयोगी आहे. तरी सगळ्याच घरांचं असं करावं, या मताची मी नाही. गिलावा खरवडून आणि तुळया काळ्या रंगवून लोक ‘मूळ रूप’ आणू पाहतात. पण काळं-पांढरं रूप हीच बहुतांशी एकोणिसाव्या शतकाची आवड; त्याआधी ओक बऱ्याच ठिकाणी तसाच सोडत किंवा भिंतीबरोबर त्यालाही चुन्याचा हात देत. शिवाय अठराव्या शतकातली भिंत हाही त्या घराचा खराच भाग आहे, तीही अडीचशे वर्षं तिथे उभी आहे.

पुन्हा गेलात तर घरासमोर उभं न राहता शेजारच्या बोळात शिरा. बाजूने छप्पर जास्त उतरतं, जुनं आणि वाकलेलं दिसलं, दर्शनी विटा कोपऱ्यावरच संपून मागे लाकडी चौकट सुरू झाली आणि घर अरुंद पण मागे लांबच लांब पसरलेलं असलं, तर समजा की मध्ययुगात आखलेल्या जमिनीच्या पट्टीवर ते अजून बसलेलं आहे. घराचं नाव ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या सरकारी वारसा संस्थेच्या संरक्षित इमारतींच्या यादीत शोधलंत तर कोणता भाग कोणत्या शतकातला मानतात, हेही तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं सापडेल.