मिठाची पुडी बदलण्याआधी

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं आणि मेसेज मिठावरचेच आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत, रागावू नका.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही कुडाळजवळच्या गावात राहतो. आई 68 वर्षांची आहे, 12 वर्षं बीपी आहे, टेल्मिसार्टनची गोळी चालू आहे, थोडी शुगर पण निघालीय. मुंबईचा भाऊ गणपतीला आला तो कमी सोडियमवाल्या मिठाच्या चार पुड्या घेऊनच, म्हणाला डब्ल्यूएचओनेच सांगितलंय, साधं मीठ बंद करा. बायको सात महिन्यांची गरोदर आहे, सगळ्यांचं जेवण एकाच टोपात शिजतं. हे मीठ वापरू की नको? आईला मीठ कमी कर म्हटलं की ती म्हणते, "बिनमिठाची पेज काय घशाखाली उतरता?"

उत्तर: सध्या त्या पुड्या फडताळात ठेवून द्या आणि आईंची रक्ततपासणी होईपर्यंत साधंच मीठ वापरा, फक्त कमी. आता का ते सांगते.

भावाने वाचलेली बातमी खोटी नाही. जानेवारी 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरंच सुचवलं की मोठ्या माणसांनी घरात नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेलं मीठ वापरावं, म्हणजेच हे कमी सोडियमवालं. यामागे बऱ्याच अभ्यासांचा आधार आहे, त्यातला सगळ्यात मोठा चीनमधला, 600 गावांत जवळपास 21 हजार माणसांवर केलेला, 2021 ला त्याचे निकाल आले. स्ट्रोक येऊन गेलेली किंवा साठीच्या पुढची बीपीवाली माणसं होती, निम्म्या गावांना 75 टक्के साधं मीठ आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं, आणि जवळपास पाच वर्षांनी बघितलं तर साधं मीठ खाणाऱ्या गावांत दर हजारी वर्षाला 34 च्या आसपास स्ट्रोक आणि या गावांत 29. आकडा छोटा वाटेल, पण ज्या घरातला कर्ता माणूस एका बाजूने लुळा पडलाय त्या घराला विचारा पाच म्हणजे किती ते. तिकडची गावंसुद्धा आपल्यासारखीच, घरी रांधून हाताने मीठ टाकणारी, म्हणून मला तो अभ्यास आपल्या कामाचा वाटतो.

पण त्याच सूचनेत पुढे जे लिहिलंय ते बातमीच्या हेडलाइनमध्ये येत नाही. ही सूचना गरोदर बायकांसाठी नाही, लहान मुलांसाठी नाही, आणि ज्यांची किडनी कमजोर आहे किंवा ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही त्यांच्यासाठी तर नाहीच. चीनच्या अभ्यासातही गंभीर किडनीविकार असलेल्यांना घेतलं नव्हतं. म्हणजे तुमच्या टोपातून जेवणाऱ्यांपैकी वहिनी तर सरळच बाद झाल्या, आणि आईंचं काय ते आधी तपासायला हवं.

किडनी खराब होताना दुखत नाही हो, हीच पंचाईत आहे. 12 वर्षांचं बीपी आणि वर शुगर, म्हणजे किडनी थोडीफार झिजलेली असण्याची शक्यता असतेच आणि माणूस मात्र परसात झाडलोट करत हिंडत असतो. त्यात टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या शरीरातलं पोटॅशियम थोडं धरून ठेवतात. गोळी उत्तम आहे, ती बंद करायची नाही, हे मी मुद्दाम दोनदा सांगते, गोळी बंद करायची नाही. पण किडनी अर्धवट चालतेय, गोळी पोटॅशियम धरून ठेवतेय आणि वरून मीठच पोटॅशियमचं, असं तिहेरी झालं तर रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, कधी कधी आधी काही लक्षण न दाखवता. आणि आपल्याकडे अशक्तपणा वाटला की पहिलं काय, तर शहाळं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट माणसाला ते चांगलंच, पण किडनीच्या पेशंटला प्रेमाने रोज शहाळं पाजणारी मुलं मी बघते तेव्हा जीव कळवळतो, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

तेव्हा आईंचं क्रिएटिनिन (यावरून किडनी कशी चालतेय ते कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या, एकदाच रक्त काढून दोन्ही होतं, आणि रिपोर्ट त्यांच्या डॉक्टरांना दाखवून मगच पुडीचं ठरवा. भाऊ स्वतः तब्येतीने ठणठणीत असेल, असल्या गोळ्या चालू नसतील, तर त्याने त्याच्या घरी ते मीठ खुशाल वापरावं.

आता पेजेचं. आईंचं म्हणणं मला पटतं, अळणी पेज नाहीच जात. पेजेत मीठ घाला, पण मग सोबतच्या खारातल्या मिरचीला आणि लोणच्याला सुट्टी द्या, किंवा लोणचं घ्या आणि पेज अळणी ठेवा, दोन्हीकडून नको. हळूहळू कमी केलं तर जिभेला थोड्या आठवड्यांत सवय होते, एकदम कमी केलं तर घरात भांडणं होतात.

आणि एक करून बघा, मी सगळ्यांना सांगते. मिठाची किलोची पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख लिहा. माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ असावं असं सांगतात, म्हणजे चहाचा सपाट चमचा, त्यात लोणचं पापड फरसाण सगळं आलं. चार माणसांना महिन्याला 600 ग्रॅम झालं. पुडी महिन्यात संपली तर माणशी 8 ग्रॅमच्या वर गेलात (मासे धुवायला वगैरे जातं ते सोडा), आणि लोणच्याच्या बरणीतलं तर अजून धरलंच नाही. देशभरच्या 2017-18 च्या सर्व्हेत सरासरी 8 ग्रॅमच आली होती, म्हणजे तुम्ही काही जगावेगळे नाही.

प्रश्न: ताई, माझ्या नणंदेने सैंधव सुरू केलंय, म्हणते बीपी वाढत नाही त्याने. आमच्याकडे शिरोड्याच्या बाजूचं खडेमीठ येतं ते नैसर्गिकच ना? मग पाकिटातलं केमिकलवालं कशाला? - वेंगुर्ल्याहून एक वाचक

उत्तर: सैंधव काय, खडेमीठ काय, पाकीट काय, तिन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, बीपीला तिन्ही सारखीच. सैंधवाने बीपी वाढत नाही असं समजून लोक उलट सढळ हाताने घालतात, ते जास्त वाईट.

शिरोड्याच्या मिठागरांवर 1930 ला आपल्याच माणसांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्यात, त्या मिठाबद्दल मलाही माया आहे. पण पाकिटातल्या मिठात जे "केमिकल" म्हणता ते आयोडीन, थायरॉइडला लागतं, आणि गरोदरपणात आईला कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. त्यासाठी मुद्दाम घालायला लावलंय ते. खडेमीठ लोणच्याला, मासे खारवायला ठेवा, रोजच्या आमटी-भाजीला आयोडीनचंच घ्या, आणि डबा घट्ट झाकणाचा ठेवा, चुलीच्या उबेला नको, आयोडीन उडून जातं.

प्रश्न: डॉक्टर, बीपी निघालंय तर सुकी मच्छी बंद करायला सांगितलीय. पावसाळ्यात आम्ही खायचं काय मग? - हर्णैचा एक वाचक

उत्तर: सरसकट बंद नको, आधी वेगळं काढा. काड्या म्हणजे सुके बोंबील, सुकट, जवळा हे बहुतेक वेळा मीठ न लावता नुसते उन्हात वाळवलेले असतात. खारा बांगडा, खारी सुरमई, खारवलेली मोरी (म्हणजे मुशी, शार्क) यांच्यात मीठ अक्षरशः भरलेलं असतं, तुकडा हातात घेतलात तर बोटांना पांढरे कण लागतात. पहिल्या गटातलं आठवड्यातून एखाद-दोनदा खा, घेताना मच्छीवालीला विचारा मीठ लावलंय का, तिला बरोबर माहीत असतं. दुसऱ्या गटातलं क्वचित, आणि तेही तासभर पाण्यात भिजवून, दोनदा पाणी बदलून, आणि त्या कालवणात वरून मीठ अजिबात नाही. खारातल्या, म्हणजे मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या फणसाच्या गऱ्यांचंही तसंच, भाजी करायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात.

एक जागा मात्र सगळेच विसरतात, ती म्हणजे आगळ. कोकमाचं आगळ मिठावरच टिकतं, आमसुलं पण बरेचदा मीठ लावूनच वाळवलेली असतात, आणि आपण सोलकढीत ते ओतून वर सवयीने चिमूटभर मीठ टाकतोच. यापुढे आगळ घातल्यावर आधी चमचाभर चाखून बघा, बहुतेक वेळा मीठ लागतच नाही.