मान डोलावली म्हणजे समजलं, असं धरू नकोस

प्रिय,

बाळांच्या ओपीडीत आता रोज बसशील, म्हणून हे आधीच कळवावंसं वाटलं.

सगळं सांगून झालं की सवयीने आपण विचारतो, "समजलं ना?" समोरून मान डोलते आणि आपण पुढचा केसपेपर हातात घेतो. हा प्रश्न सोडूनच दे. रात्रभर जागलेली आई, कडेवर रडणारं बाळ, बाहेर रांग. अशा वेळी "नाही कळलं" म्हणायला फार धीर लागतो. शिकलेल्यांना सांगावं लागत नाही, असंही समजू नकोस. घाबरलेला माणूस कितीही शिकलेला असो, निम्मं दारातच विसरतो, आणि पुन्हा विचारायला त्याला जास्तच संकोच वाटतो. त्यापेक्षा असं म्हण: "मी नीट सांगितलं का, ते मला बघायचंय. घरी औषध कसं द्याल, करून दाखवा."

तापाचंच औषध घे. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये दर मिलिलिटरला १०० मिलिग्राम औषध असतं. १२५ चं सिरप (५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्राम) असेल तर तेवढंच औषध ४ मिलिलिटरमध्ये येतं. पाच किलोच्या बाळाला सिरप ३ मिलिलिटर दिलं तर ७५ मिलिग्राम जातं, म्हणजे ठीक. तेच ३ मिलिलिटर ड्रॉप्सच्या बाटलीतून काढले तर ३०० मिलिग्राम, चौपट! आईवडिलांच्या लेखी दोन्ही "तापाचं औषध"च. म्हणून घरात कोणती बाटली आहे ते आधी विचार. "एक चमचा" हा शब्द तोंडातून काढूच नकोस, घरोघरी चमचे वेगळे. बिनसुईची सिरिंज त्यांच्या हातात दे, हव्या त्या रेघेवर पेनाने खूण कर आणि तुझ्यासमोर भरायला लाव. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा जुन्या चिठ्ठीवरून औषध देऊ नका, हेही सांग.

"सहा महिने फक्त आईचं दूध" ऐकूनही पाणी चालतं असं पुष्कळांना वाटतं. पाण्याचं नाव घेऊनच नाही म्हण. ओआरएसचं पाकीट अर्धं अर्धं करू नये, पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात एकदम सगळं घालावं.

"त्रास वाढला तर या" हे मात्र कधीच म्हणू नकोस. त्रास वाढला हे त्यांनी ओळखायचं कशावरून? बाळ दूध ओढत नाही, झटके येतात, हलवूनही नीट जागं होत नाही, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर मध्यरात्र असली तरी निघा, असं स्पष्ट सांग. श्वास घेताना छाती आत जाते, हीही तशीच खूण; पण म्हणजे काय, हे तोंडी सांगून भागत नाही. झबलं वर कर, बरगड्यांच्या खालच्या कडेवर बोट ठेवून जागा दाखव. मग आईला दाखवायला सांग. तिचं बोट पोटावर गेलं, तर पुन्हा दाखव.