मुलगी मेडिकल इलेक्टिव्हसाठी मलावीला चालली आहे. तब्येतीला काय धोका आहे?

तुमची मुलगी इंग्लंडमध्ये मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्टिव्हसाठी (म्हणजे स्वतः निवडलेल्या ठिकाणी कामाचा अनुभव घ्यायला) सहा आठवडे मलावीतल्या ब्लँटायरच्या हॉस्पिटलात जाणार आहे आणि तुम्हाला मलेरियाची धास्ती आहे. मी तिथे सर्जरीत काम केलंय. मलेरिया आहेच, आणि तोही फाल्सिपेरम, म्हणजे सगळ्यात घातक प्रकारचा. पण गोळ्या न चुकवता घेतल्या आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर तो बराचसा टळतो. मला तिच्या जागी जास्त काळजी सुईची वाटेल.

मलावीत साधारण सात-आठ टक्के प्रौढांना एचआयव्ही आहे, वॉर्डात त्याहून जास्त. रात्री लाइट गेलेली, मोबाइलच्या उजेडात टाके घालणं चाललेलं, वापरलेल्या सुयांचा पुठ्ठ्याचा खोका काठोकाठ भरलेला. त्यात आणखी एक कोंबायला गेलं की बोटात घुसते. अशा सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे 300 मध्ये 1. रुग्णाचे उपचार नीट चालू असतील तर आणखी कमी. हेपटायटिस बी मात्र लस नसेल तर 30 टक्क्यांपर्यंत! लस झाली असली तरी अँटिबॉडी तपासून घ्या.

टोचलंच तर बोट पिळत बसू नये. साबण, वाहतं पाणी, आणि लगेच पीईपीच्या गोळ्या (संपर्क आल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायचं औषध). जितक्या लवकर तितकं बरं. 72 तास उलटल्यावर सहसा देतच नाहीत. कोर्स 28 दिवसांचा. सुरुवातीच्या गोळ्या सोबत नेता येतील का, हे तिने कॉलेजात आत्ताच विचारावं. (आमच्या इंटर्नशिपला सिनियर 'बीटाडीन लाव, काही होत नाही' म्हणून वाटेला लावायचे. असं कोणी म्हटलं तर खुशाल दुर्लक्ष करावं.)

तिथे माणसं कमी, त्यामुळे विद्यार्थ्यालाही 'तूच कर' म्हणतात. कधीच न केलेलं काम रात्री एकटीने करायला साफ नाही म्हणावं. टीबीपासून बचावासाठी एफएफपी3 मास्क (हवेतले बारीक कण गाळणारे) इंग्लंडहूनच न्यावेत.

सुट्टीला सगळे मलावी सरोवरावर जातात. पाणी नितळ असतं, पण त्यातली बिल्हार्झियाची (हा एक परजीवी कृमींचा आजार) अळी त्वचेतून शिरते आणि बरेचदा काहीच जाणवत नाही. पोहलीच तर तीनेक महिन्यांनी तपासणी करावी. प्राझिक्वांटेल या औषधाने बरं होतं. रात्रीचा मिनीबसचा प्रवास मात्र नकोच.

परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर 'मलावीला गेले होते' हे डॉक्टरांना आधी सांगायचं आणि मलेरियाची टेस्ट त्याच दिवशी करून घ्यायची.